विश्लेषण : संगणक तयार घ्यावा की सुटे भाग आणून जुळवावा? होमी भाभांनी काय केले होते?

हिंजवडी, माण, बावधन, सूस या मुळशी तालुक्याच्या पूर्वेकडील गावांत आज आयटी कंपन्यांत काम करणारे आणि अभियांत्रिकी शिकणारे तरुण मोठ्या संख्येने राहतात. गेमिंगसाठी पीसी घ्यायचा म्हटले की त्यांच्यापुढे एक प्रश्न हमखास येतो. दुकानातला तयार संच घ्यायचा, की प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस असे एकेक भाग निवडून आपला पीसी आपणच जुळवायचा? सत्तर वर्षांपूर्वी मुंबईत डॉ. होमी जहांगीर भाभा यांच्यापुढे हाच प्रश्न देशाच्या पातळीवर उभा होता. अणुशक्तीचे शिल्पकार म्हणून भाभा सर्वांना माहीत आहेत. भारतात आराखडा करून बांधलेला पहिला पूर्ण आकाराचा इलेक्ट्रॉनिक संगणक त्यांच्या संस्थेत तयार झाला, ही बाजू मात्र कमी सांगितली जाते. काय स्वतः बांधायचे आणि काय तयार घ्यायचे, याचा निर्णय त्यांना आयुष्यभर पुन्हा पुन्हा घ्यावा लागला.

भाभांचे यंत्रांशी नाते कसे जुळले?

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा वकील होते. घरात पुस्तके, चित्रे आणि पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या यांचा मोठा संग्रह होता. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असे शिक्षण झाल्यावर १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मुलाने यंत्र अभियांत्रिकी शिकून जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. होमींचा ओढा मात्र भौतिकशास्त्राकडे होता. अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालास तर पुढे गणित शिकण्याचा खर्च उचलू, असे वडिलांनी मान्य केले. १९३० मध्ये अभियांत्रिकी आणि १९३२ मध्ये गणित, अशा दोन्ही परीक्षा त्यांनी पहिल्या वर्गात पार केल्या.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे त्यांनी मांडलेले गणित आजही ‘भाभा विकिरण’ या नावाने शिकवले जाते. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त मांडला. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. शिक्षण अभियंत्याचे आणि संशोधन सैद्धान्तिक भौतिकशास्त्रातले, असा हा दुहेरी पाया होता. कागदावरचे समीकरण सोडवायला यंत्र लागते आणि यंत्र उभे करायला माणसे लागतात, हे पुढे त्यांच्या प्रत्येक निर्णयात दिसते.

या कथेत मुळशी कुठे येते?

भाभांच्या आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. लहानपणी होमी आत्याच्या घरी नेहमी जात. पोलाद आणि जलविद्युत प्रकल्पांच्या चर्चा तिथेच त्यांच्या कानावर पडत. त्यातला एक प्रकल्प मुळशीचा होता. मुळा नदीवर धरण बांधायचे, पूर्वेकडे वाहणारे पाणी सह्याद्रीतून बोगद्याने पश्चिमेकडे वळवायचे, कोकणातल्या भिरा येथे खाली सोडून त्यावर वीज करायची आणि ती मुंबईला द्यायची, अशी ती योजना होती. जमिनी आणि गावे पाण्याखाली जाणार म्हणून मावळे शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू केला. १९२४ पर्यंत चाललेला हा लढा धरणग्रस्तांच्या चळवळींचा आरंभ मानला जातो. धरण थांबले नाही. १९२७ मध्ये भिरा केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी भाभा केंब्रिजला रवाना झाले.

दोराबजींच्या संपत्तीतून १९३२ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्ट उभा राहिला. १९३९ मध्ये सुटीसाठी भारतात आलेले भाभा दुसऱ्या महायुद्धामुळे इथेच राहिले आणि बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करू लागले. मूलभूत संशोधनासाठी स्वतंत्र संस्था हवी, असा प्रस्ताव त्यांनी मार्च १९४४ मध्ये याच ट्रस्टकडे पाठवला. त्यातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजे टीआयएफआर सुरू झाली आणि लवकरच मुंबईत आली. मुंबईच्या विजेत मुळशीच्या पाण्याचा वाटा होता. त्यामुळे पुढे याच शहरात उभा राहिलेला संगणक ज्या विजेवर चालणार होता, तिची किंमत सह्याद्रीतल्या गावांनी आधीच मोजलेली होती.

तयार संगणक मिळत असताना बांधण्याचा निर्णय का?

१९५५ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने ब्रिटनमधून एचईसी-२एम हा तयार संगणक आणला. देशात आलेला तो पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक. म्हणजे विकत घेण्याचा मार्ग खुला होता. टीआयएफआरने दुसरा मार्ग धरला. १९५४ मध्ये अमेरिकेतून गणितात डॉक्टरेट घेऊन आलेले आर. नरसिंहन संस्थेत दाखल झाले आणि त्यांच्याभोवती तरुण पदवीधरांचा गट जमला. संगणक बांधण्याचा अनुभव या मुलांना नव्हता.

हा निर्णय धाडसाचा होता. संगणक बांधायला लागणारे बहुतेक भाग देशात तयार होत नव्हते. बंगळूरुची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये नुकतीच स्थापन झाली होती. १९५७ नंतर परकीय चलनाची तीव्र टंचाई आली. मग हट्ट कशासाठी? तयार यंत्र घेतले तर यंत्र मिळते, पण ते बिघडल्यावर उघडून पाहणारा माणूस परदेशातून बोलवावा लागतो. बांधले तर दुरुस्त करणारा, वाढवणारा आणि पुढचे यंत्र आखणारा माणूस इथेच तयार होतो. अणुभट्टीसाठी लागणारी मोजमापाची उपकरणे आपल्याच लोकांनी बनवावीत, हा आग्रह भाभांनी आधीपासून धरला होता. संगणकाचा निर्णय त्याच धोरणाला धरून होता.

आराखडा मात्र शून्यापासून केला नाही. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे जॉन फॉन नॉयमन यांच्या गटाने संगणकाची रचना तपशिलासह अहवालांतून खुली केली होती. त्यावरून अनेक देशांत यंत्रे उभी राहिली. मुंबईच्या गटानेही हीच रचना आधार म्हणून घेतली. आज पीसी जुळवणारेही आधी कोणी तरी यशस्वीपणे चालवलेला भागांचा संच पाहतात आणि मग आपल्या गरजेप्रमाणे त्यात बदल करतात. त्यातलाच हा प्रकार.

‘टिफ्रॅक’साठी कोणते भाग निवडले?

गटाने एकदम मोठे यंत्र हाती घेतले नाही. आधी छोटे प्रायोगिक यंत्र बांधले. ते १९५६ मध्ये चालू झाले. रचना चालते, भाग एकमेकांशी जुळतात, याची खात्री पटल्यावर पूर्ण यंत्राकडे वळले. सगळे भाग कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी प्रोसेसर, रॅमची एक पट्टी आणि मदरबोर्ड बाहेरच टेबलावर जोडून चालवून पाहण्याची आजची पद्धत याच विचाराची आहे.

पूर्ण यंत्र १९६० मध्ये रीतसर कार्यान्वित झाले. पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. हे सगळे १८ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि ८ फूट उंच पोलादी सांगाड्यात बसवले होते. सांगाडा चार फुटी कप्प्यांत विभागला होता आणि दोन्ही बाजूंनी दारे होती. व्हॉल्व्ह जळणार, बदलावे लागणार, हे गृहीत धरूनच ही मांडणी केली होती. हात आत जाईल असा कॅबिनेट निवडावा, हा सल्ला आजही दिला जातो.

सर्वात दूरदृष्टीची निवड स्मृतीची होती. त्या काळात स्मृतीसाठी पाऱ्याच्या नळ्या किंवा चित्रनळ्या वापरल्या जात. प्रिन्स्टनच्या मूळ यंत्रातही चित्रनळ्याच होत्या. त्या लहरी असत आणि साठवलेली माहिती सतत ताजी करावी लागे. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या ‘व्हर्लविंड’ संगणकात फेराइटच्या बारीक कड्यांची स्मृती वापरली गेली. तारांत ओवलेली एकेक कडी चुंबकत्वाच्या दिशेवरून शून्य किंवा एक लक्षात ठेवते. मुंबईच्या गटाने मूळ आराखड्यातला हा भाग बदलून ही नवी स्मृती घेतली. टिफ्रॅकमध्ये ४० बिटचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे सुमारे ८२ हजार बिट. आजच्या भाषेत १० केबी. साध्या गेमिंग पीसीतली १६ जीबी रॅम त्याच्या सोळा लाख पटींहून मोठी आहे.

गणना करणाऱ्या भागात मात्र गटाने तेव्हा नवा असलेला ट्रान्झिस्टर टाळला आणि व्हॉल्व्ह घेतले. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ मध्ये लागला होता, पण १९५५ च्या सुमारास तो महाग होता, सहज मिळत नव्हता आणि त्यावर मोठे यंत्र बांधण्याचा अनुभव जगातही थोडाच होता. म्हणजे स्मृतीच्या बाबतीत नवे तंत्र आणि गणनेच्या बाबतीत पारखलेले तंत्र असा मेळ घातला गेला. सगळेच भाग सर्वात नवे असण्याची गरज नसते. जिथे जुना भाग यंत्राला अडवून धरतो, तिथे नव्यावर खर्च करावा, हा त्यातला हिशेब.

वीज आणि उष्णतेचे काय?

व्हॉल्व्हमधली तार तापवल्याशिवाय तो काम करत नाही. एका छोट्या व्हॉल्व्हला केवळ तार तापवायला दोन ते तीन वॅट लागतात असे धरले, तर २,७०० व्हॉल्व्हना पाच ते आठ किलोवॅट लागतात. ही सगळी उष्णता खोलीत उतरते. मुंबईच्या दमट हवेत ती बाहेर काढणे हे संगणक बांधण्याइतकेच जिकिरीचे काम असते.

आजच्या मध्यम गेमिंग पीसीला पूर्ण भारावर साधारण ४०० ते ५०० वॅट लागतात. तरीही पैसे वाचवताना पहिली कात्री एसएमपीएसवरच चालते. ग्राफिक्स कार्ड क्षणार्धात नेहमीच्या दुप्पट वीज ओढू शकते. हलका एसएमपीएस त्या धक्क्याने बंद पडतो आणि कधी मदरबोर्डही सोबत नेतो. मुळशीत पावसाळ्यात वीज ये-जा करते आणि हवेत ओल असते. इथे चांगल्या प्रतीचा एसएमपीएस, यूपीएस आणि हवा खेळती ठेवणारा कॅबिनेट यांवरचा खर्च दिसत नाही, पण तोच बाकीचे भाग वाचवतो.

पडद्यावर खेळ तेव्हा होते का?

टिफ्रॅकला आलेख आणि अक्षरे दाखवणारा चित्रनळीचा पडदा जोडला होता. त्या काळातल्या संगणकासाठी ही मोठी सोय होती. उपयोग अर्थातच वैज्ञानिक आकडेमोडीचा होता. मात्र जगात याच पडद्यांवर खेळ जन्माला येत होते. भाभांच्याच केंब्रिजमध्ये १९५२ मध्ये ‘एडसॅक’ संगणकाच्या पडद्यावर फुली-गोळ्याचा खेळ चालवला गेला. १९५८ मध्ये अमेरिकेच्या ब्रुकहेवन अणुसंशोधन केंद्रात विल्यम हिगिनबॉथम यांनी प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी पडद्यावर टेनिस खेळवले. १९६२ मध्ये एमआयटीत ‘स्पेसवॉर’ आला. गेमिंग पीसीचे मूळ असे प्रयोगशाळांत आहे.

भाभांचा निर्णय चुकला का?

टिफ्रॅक तयार होईपर्यंत जग पुढे गेले होते. १९५९-६० पासून ट्रान्झिस्टरवर चालणारे मोठे संगणक बाजारात आले. टिफ्रॅक १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालला आणि निवृत्त झाला. पाच वर्षांत जुना होणाऱ्या यंत्रासाठी इतका खटाटोप का, असा आक्षेप त्यामुळे घेता येतो.

त्याचे उत्तर पुढच्या घडामोडींत आहे. १९६४ मध्ये टीआयएफआरने अमेरिकी मदतीतून सीडीसी-३६०० हा तयार, ट्रान्झिस्टरवरचा मोठा संगणक घेतला. या वेळी बांधण्याचा हट्ट धरला नाही. आता गरज वेगाची होती आणि देशभरातल्या संशोधकांना वापरता येईल अशा यंत्राची होती. ते यंत्र समजून घेणारी आणि चालवणारी माणसे टिफ्रॅकवर तयार झाली होती. नरसिंहन १९६५ मध्ये कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष झाले. टिफ्रॅकचे व्हॉल्व्ह भंगारात गेले, पण ते जोडताना शिकलेले हात कामी आले.

बाकी क्षेत्रांत त्यांनी हाच निकष लावला का?

अणुऊर्जेत दोन्ही वाटा दिसतात. १९४८ पासून भाभा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे सुरू झालेली ‘अप्सरा’ ही संशोधन अणुभट्टी भारतीय अभियंत्यांनी बांधली. इंधन मात्र ब्रिटनमधून आणले, कारण ते तेव्हा इथे बनवता येत नव्हते. एक भाग आयात करून बाकीचे यंत्र आपण उभे करायचे, हा मधला मार्ग होता.

तारापूरला त्यांनी उलटा निर्णय घेतला. अणुवीज लवकर मिळावी आणि ती व्यवहारात परवडते हे दिसावे, म्हणून अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून संपूर्ण तयार केंद्र घेतले. ते १९६९ मध्ये सुरू झाले आणि त्याने वीज दिली. पण त्याला लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेकडूनच येत होते. १९७४ च्या अणुचाचणीनंतर हा पुरवठा वादात सापडला आणि पुढे थांबला. १९८२ पासून फ्रान्सकडून इंधन घ्यावे लागले. तयार यंत्र घेताना त्याचा खुराक कोणाच्या हातात आहे, हे पाहावे लागते. हा धडा भाभांच्या पश्चात देशाला मिळाला.

पीसीच्या बाबतीतही हा प्रश्न छोट्या रूपात येतो. काही तयार संचांत कंपनीच्या खास मापाचा मदरबोर्ड आणि एसएमपीएस असतो. तो बिघडला की बाजारातला साधा भाग बसत नाही. जुळवलेल्या पीसीत सर्वमान्य मापाचे भाग असतील तर एकेक भाग बदलता येतो. मदरबोर्डचे सॉकेटही पाहावे लागते. एएमडीचे एएम ४ सॉकेट प्रोसेसरच्या अनेक पिढ्यांना चालले. काही सॉकेट मात्र दोन-तीन वर्षांतच मागे पडतात.

शेवट कसा झाला आणि मागे काय राहिले?

१९६३ मध्ये सरकारने भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. देशाला पुढच्या काळात कोणती इलेक्ट्रॉनिक उपकरणे लागतील आणि त्यातली कोणती इथे बनवता येतील, याचा हिशेब तिने मांडायचा होता. अहवाल १९६६ मध्ये आला, तेव्हा भाभा हयात नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला जाताना एअर इंडियाचे बोइंग विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. विमानातले सर्व ११७ जण मरण पावले. भाभा ५६ वर्षांचे होते. अविवाहित होते, चित्रे काढत, संगीतात रमत आणि संस्थेच्या आवारातल्या झाडांकडेही जातीने लक्ष देत.

१९६७ मध्ये तुर्भे केंद्राला भाभांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातून हैदराबादची ईसीआयएल ही कंपनी उभी राहिली. १९६९ मध्ये टीडीसी-१२ हा भारतीय बनावटीचा संगणक आला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. महासंगणक विकत मिळण्यात अमेरिकेचे निर्बंध आड येत होते. तेव्हा सी-डॅकने बाजारात मिळणारे ‘ट्रान्सप्युटर’ प्रोसेसर मोठ्या संख्येने एकत्र जुळवून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार केला. सुटे भाग बाहेरचे आणि जुळणी आपली, ही टिफ्रॅकचीच पद्धत होती.

आज पीसी जुळवताना यातून काय घेता येईल?

पहिला मुद्दा हेतूचा. टिफ्रॅक कशासाठी हवा, हे आधी ठरले होते. गेमिंग पीसीत आधी मॉनिटर ठरवावा. १०८० पी पडद्यावर वेगवान स्पर्धात्मक खेळ खेळायचे असतील तर प्रोसेसरवर भार येतो. १४४० पी किंवा ४के पडद्यावर देखणे खेळ खेळायचे असतील तर ग्राफिक्स कार्डवर. दुसरा मुद्दा तोलाचा. महागड्या ग्राफिक्स कार्डासोबत दुबळा प्रोसेसर घेतला तर कार्ड रिकामे बसते. रॅमची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा सारख्या दोन पट्ट्या घेतल्या तर वेग वाढतो. तिसरा मुद्दा विजेचा. एसएमपीएस गरजेपेक्षा थोडा वरचढ असावा. चौथा मुद्दा काळाचा. यंत्र चार-पाच वर्षांत जुने होणार हे धरूनच भाग निवडावेत आणि पुढे बदलता येतील असे निवडावेत.

वेळ कमी असेल आणि शिकण्यात रस नसेल, तर तयार संच घेण्यात काही गैर नाही. भाभांनीही १९६४ मध्ये आणि तारापूरला तेच केले. पण आत काय चालते हे समजून घ्यायचे असेल, तर पहिला पीसी स्वतः जुळवलेला बरा.